मूल ‘खातच नाही’ तेव्हा

‘डॉक्टर, हा काहीच खात नाही हो!’ दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईच्या तोंडी हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं नाही, असे बालरोगतज्ज्ञ महाराष्ट्रात सापडणं कठीण. आई हे सांगत असते तेव्हा मूल खुर्चीखाली शिरून पलीकडून बाहेर येत असतं, टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत असतं. डॉक्टर वजन करतात, तक्त्यावर टिंब मारतात आणि म्हणतात, ‘वाढ छान चाललीय, काळजी करू नका.’ आई घरी येते, पण तिचं समाधान झालेलं नसतं. सकाळचा नाचणीचा वाडगा अर्धा तसाच आहे, दुपारचा भात जमिनीवर जास्त आणि पोटात कमी गेलाय, आणि संध्याकाळी कुणीतरी सहज विचारतं, ‘हडकलाय का गं हा?’

लहान मूल असलेल्या घरात जेवणाएवढा वेळ, शक्ती आणि अश्रू क्वचितच दुसऱ्या कशावर खर्च होत असतील. म्हणून मूल खात नाही असं आपल्याला वाटतं तेव्हा त्याच्या शरीरात काय चाललेलं असतं, हे नीट समजून घ्यायला हवं. ते समजलं की घरातला अर्धा ताण तिथेच उतरतो आणि उरलेलं लक्ष जिथे खरोखर द्यायला हवं तिथे देता येतं.

वजनाचं गणित

जन्मताना तीन-सव्वातीन किलोचं असलेलं बाळ साधारण पाचव्या महिन्यात वजनाने दुप्पट होतं आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत जवळपास तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांनुसार मुलग्यांचं मध्यम वजन जन्मताना ३.३ किलो, एका वर्षाला ९.६ किलो आणि दोन वर्षांना १२.२ किलो असतं. मुलींचं एका वर्षाला ८.९ आणि दोन वर्षांना ११.५ किलो. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंच्या आसपास भर आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो. उंचीचंही तेच. पहिल्या वर्षात मूल सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात सुमारे १२.

पहिल्या वर्षाचा वेग तसाच राहिला असता तर पाच वर्षांचा मुलगा पस्तीस किलोंच्या घरात गेला असता. प्रत्यक्षात तो अठरा किलोंच्या आसपास असतो. शरीर आपला वेग आपणच कमी करतं, आणि वाढीला लागणारं अन्न कमी झालं की त्या प्रमाणात भूकही मंदावते. अडचण अशी, की नेमक्या याच वेळी आपल्या अपेक्षा वाढलेल्या असतात. उष्टावण होऊन सहा महिने झालेले असतात, दात आलेले असतात, मूल चालायला लागलेलं असतं. आता त्याने वाटीभर वरणभात, पोळी, भाजी असं ‘व्यवस्थित’ जेवावं असं घराला वाटू लागतं. अपेक्षा चढत जाते, भूक उतरत जाते आणि त्या दोन्हींच्या मध्ये रोजचं जेवण सापडतं.

‘हे तक्ते परदेशी मुलांचे, आपली मुलं अंगानेच बारीक’ असं पुष्कळदा म्हटलं जातं. पण हे तक्ते ज्या सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून तयार झाले, त्यांत ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेबरोबर भारतही आहे. नीट पोषण आणि निरोगी वातावरण मिळालेली पाच वर्षांखालची मुलं जगभर जवळजवळ सारखीच वाढतात, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. तेव्हा मूल पुरेसं वाढतंय का, हे शेजारच्या गुबगुबीत मुलाकडे बघून न ठरवता त्याच्या स्वतःच्या तक्त्यावरून ठरवावं. त्याची रेषा स्वतःच्या पट्ट्यात वर जात असेल, तर ते पुरेसं खातंय.

पोटातला हिशेब

लहान मुलाला आपल्याला किती लागतं हे कळतं का? या प्रश्नावर शंभर वर्षांपासून काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या डॉ. क्लॅरा डेव्हिस यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या १५ बाळांना स्वतःचं जेवण स्वतः निवडू दिलं. यादीत ३४ साधे पदार्थ होते : दूध, फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस. परिचारिका चमचा घेऊन शांत बसायची. बाळाने बोट दाखवलं तर भरवायची, कसलाही आग्रह करायची नाही. बाळांनी एकेका वेळी विचित्र वाटतील अशा निवडी केल्या, पण महिन्यांच्या हिशेबात सगळी चांगली वाढली. यातली एक गोष्ट विसरू नये. त्या ३४ पदार्थांत साखर घातलेलं किंवा कारखान्यात तयार झालेलं काहीच नव्हतं. निवड मुलांची होती, यादी मात्र मोठ्यांनी विचारपूर्वक केलेली होती.

पुढे १९९१ मध्ये लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं सहा दिवसांचं खाणं मोजलं. एकेका जेवणात किती उष्मांक पोटात गेले हे पाहिलं, तर आकडे कमालीचे वरखाली होत होते. तेच दिवसभराच्या बेरजेत पाहिलं, तर फरक बराच कमी होता. सकाळी कमी खाल्लेलं मूल दुपारी भरून काढत होतं, दुपारी भरपूर जेवलेलं मूल रात्री दोन घासांवर उठत होतं. आपण एकेका वाटीचा हिशेब मांडतो, मूल दिवसाचा मांडतं. एका वेळी न जेवलेल्या मुलाच्या मागे धावण्यात इतके श्रम वाया जातात ते यामुळेच.

कुणी काय ठरवायचं

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात या सगळ्यातून एक सुटसुटीत नियम मांडला. काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचं. आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ हा नियम सांगतात. तो ऐकायला सोपा आहे, पाळायला मात्र दोन्ही बाजूंनी शिस्त लागते.

मोठ्यांची शिस्त वेळेची. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन जेवणं आणि मधल्या वेळी दोनदा खाणं पुरतं. दोन वेळांमध्ये दोन-अडीच तासांचं अंतर हवं आणि त्या अंतरात पाण्याशिवाय काही नको. रडलं म्हणून हातात बिस्किट, आजोबांबरोबर चहात बुडवलेला टोस्ट, दुकानात गेल्यावर पाच रुपयांचं पाकीट : हे सगळं आपण ‘खाणं’ म्हणून मोजत नाही, मुलाचं पोट मात्र मोजतं. मग जेवणाच्या वेळी भूक कुठून असणार?

दुसरी शिस्त मूल वाचण्याची. रात्रीचे आठ वाजलेत आणि वीस महिन्यांची मुलगी जेवायला बसलीय असं धरू. पहिले सात-आठ घास ती स्वतः तोंड पुढे करून घेते. मग वेग मंदावतो. ती भाताची शितं बोटांनी एकेक करून ताटाच्या कडेला चिकटवू लागते. पुढच्या घासाला ओठ मिटतात. त्याच्या पुढच्या घासाला मान वळते. तरी चमचा आलाच तर ती घास गालात धरून बसते, गिळत नाही. शेवटी वाटीवर हात मारते आणि वरण सगळीकडे उडतं. वाटी उडाली की आपण रागावतो, पण ‘पोट भरलं’ हे ती एव्हाना चार वेळा सांगून चुकलेली असते, तिला येत असलेल्या एकमेव भाषेत. ओठ मिटले तेव्हा थांबलो असतो, तर वाटी जागेवर राहिली असती.

जबरदस्तीने भरवण्याचे तोटे दोन. एक म्हणजे मुलाची पोटाची हाक ऐकण्याची सवय हळूहळू सुटते. दुसरं म्हणजे ज्या पदार्थासाठी दटावलं, नेमका तोच नावडता होतो. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या सौद्याचा परिणामही प्रयोगांत तपासला गेलाय. त्यात बक्षीस आणखी आवडतं होतं आणि भाजी आणखी नावडती, कारण भाजी हे संकट आहे हे आपणच मुलाला शिकवलेलं असतं.

नव्या भाजीची भीती

नऊ महिन्यांचा असताना दुधीभोपळा, पालक, बीट सगळं खाणारा मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर ताटात हिरवं काही दिसलं की तोंड फिरवतो. घरच्यांना वाटतं, हा बिघडला. खरं तर हा वाढीचा ठरलेला टप्पा आहे. अनोळखी पदार्थाची ही धास्ती साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात सगळ्यात जास्त असते. माणसाचं मूल चालायला लागतं तेव्हा ते आईच्या नजरेआड जाऊन दिसेल ते तोंडात घालू शकतं. अशा वयात अनोळखी आणि कडू गोष्टींबद्दल सावध असणं जीव वाचवणारं ठरलं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. गोड चव जन्मतःच आवडते, कडू नको वाटते. मेथी आणि कारलं नाकारणारं मूल त्या जुन्या सावधपणाने वागत असतं.

यावर उपाय आहे तो ओळख वाढवण्याचा. एखादा नवा पदार्थ आवडायला पुष्कळ मुलांना तो आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळीच ‘याला पडवळ आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि पडवळ बंद होतं. त्याऐवजी चमचाभरच भाजी, ओळखीच्या वरणभाताशेजारी, काही न बोलता वाढावी. मुलाने हात लावला, वास घेतला, चाटून बाहेर काढलं, तरी ती ओळखच झाली. आणि त्याच वेळी घरातली माणसं तीच भाजी समोर बसून चवीने खात असतील, तर त्याहून मोठी शिफारस नाही. मुलाला वेगळं आधी भरवून मोकळं होण्याच्या घाईत आपण त्याला नेमकं हेच बघू देत नाही.

चवींची ही ओळख जन्माआधीच सुरू होते. फिलाडेल्फियातल्या मोनेल संशोधन केंद्रातल्या ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरोदर असताना किंवा अंगावर पाजत असताना ज्या आया गाजराचा रस पीत होत्या, त्यांच्या बाळांना गाजराच्या चवीची लापशी पहिल्यांदा दिली तेव्हा ती इतर बाळांपेक्षा जास्त रुचली. आईच्या ताटातला लसूण, मेथी, गोडा मसाला यांची चाहूल बाळाला अशीच लागलेली असते. म्हणून बाळंतिणीला महिनोन् महिने एकसुरी, बेचव जेवणावर ठेवण्यात बाळाचं हित नाही.

चिऊ-काऊ आणि मोबाइल

चिऊचा घास, काऊचा घास करत भरवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, कारण त्यात आजी आणि नातू एकमेकांकडे बघत असतात. आजीला ओठ मिटलेले दिसतात, नातवाला घास दिसतो, आणि जोडीला बोलणंही शिकून होतं. मोबाइल समोर ठेवला की हे सगळं एकदम तुटतं. नजर पडद्यावर खिळते, तोंड यंत्रासारखं उघडतं, आणि काय खाल्लं, पोट केव्हा भरलं हे मुलाला कळतच नाही. वाटी रिकामी होते म्हणून आपण खूश होतो, पण जेवायला शिकण्याचा एक प्रसंग वाया गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून आणि भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२१ पासून सांगते आहे, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला एक तासाच्या वर नको. ही सवय मोडायची तर पहिले काही दिवस मूल कमी जेवेल आणि आरडाओरडा करेल. भुकेवरचा विश्वास ढळू न देता ते दिवस काढावे लागतात.

कमी खातंय, मग वाटीत काय आहे?

किती खायचं हे मुलावर सोडल्यावर आपली सगळी अक्कल वाटीत काय आहे यावर लावता येते. मुलाच्या जठरात एका वेळी मावणारं अन्न साधारण किलोमागे ३० ग्रॅम. म्हणजे आठ किलोच्या बाळाला जास्तीत जास्त सव्वा-दीड वाटी. एवढ्याशा जागेत वरणाचं नुसतं पाणी, भाताची पातळ पेज किंवा भाज्यांचं गाळलेलं सूप भरलं, तर पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. डाळीतलं सत्त्व डाळीत असतं. म्हणून घट्ट वरण, त्यात मऊ शिजलेला भात आणि वरून चमचाभर तूप. चमचा तिरका केला तरी घास चटकन ओघळू नये इतपत घट्ट, ही साधी खूण.

आपल्या घरांतलं नाचणीचं सत्त्व या बाबतीत फार शहाणं आहे. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. त्यामुळे मोडाच्या पिठाची खीर फार घट्ट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. खनिजं अडवून धरणारं फायटेटही मोड आल्याने कमी होतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या डॉ. तारा गोपालदास यांनी मोडाच्या पिठाच्या या गुणावर महत्त्वाचं काम केलं. चिमूटभर मोडाचं पीठ घातलं तरी घट्ट लापशी सैल होते, हे कुठल्याही स्वयंपाकघरात करून बघता येईल.

दुसरी गोष्ट लोहाची. बाळ आईकडून घेऊन आलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो, त्यानंतर तो अन्नातून यावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हा फक्त गरीब घरांचा आकडा नव्हे. खात्यापित्या घरांत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे दूध. ‘जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे’ म्हणून दिवसाला लिटरभर दूध दिलं जातं. साडेदहा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ८५० उष्मांक लागतात आणि लिटरभर गायीच्या दुधातून साडेसहाशेच्या वर मिळतात. मग जेवणाची भूक उरणार कुठून? त्यातून दुधात लोह नगण्य, आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. एक वर्षानंतर वरचं दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे, आणि तेही बाटलीने न देता पेल्याने. डाळी, हिरव्या भाज्या, आणि चालत असेल त्या घरात अंडं, मासे, मटण-चिकन यांतून लोह मिळतं. वरणभातावर पिळलेल्या लिंबातलं क जीवनसत्त्व धान्य-डाळींतलं लोह शोषायला मदत करतं. चहा नेमकं उलट करतो, म्हणून मुलांच्या जेवणाभोवती चहा नकोच. आशाताईंकडून मिळणारं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर द्यायचं असतं. ते फडताळात ठेवून विसरू नये.

काही गोष्टी मात्र मुलाच्या आवडीनिवडीवर सोडायच्या नाहीत. एक वर्षापर्यंत मध नको, बाळगुटीतही नको. त्यातल्या बोट्युलिझमच्या जंतूंनी लहान बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. पहिल्या वर्षात मीठ-साखर वरून घालू नये, आणि साखर दोन वर्षांपर्यंत लांब ठेवता आली तर उत्तम. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचं बारीक कूट चालेल, द्राक्षांचे उभे चार भाग करावेत. आणि रडणाऱ्या, पळणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबणं हे ठसका लागण्याला आमंत्रण आहे.

काळजी केव्हा करायची

वर सांगितलेलं निरोगी, खेळत्या मुलाबद्दल आहे. तक्त्यावरची रेषा दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, मूल फिकट, मलूल दिसू लागलं, माती-खडू खाऊ लागलं, वारंवार जुलाब होऊ लागले, गिळताना त्रास होऊ लागला किंवा खाण्याचे पदार्थ कमी होत होत चार-पाचांवर आले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. अशा मुलाच्या बाबतीत ‘भूक लागेल तेव्हा खाईल’ म्हणून थांबणं धोक्याचं आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून गावोगावी पोचलेल्या अंगणवाड्यांत हेच मोजमाप केलं जातं. आपलं मूल खासगी दवाखान्यात जात असलं तरी दर महिन्या-दोन महिन्यांनी वजन करून ते तक्त्यावर मांडण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी.

ताटाभोवतीची माणसं

मूल किती जेवलं यावरून आपल्याकडे आईला गुण दिले जातात. पाहुणे, शेजारी, कधी घरचीच माणसं तिला दिवसातून चारदा आठवण करून देतात, की पोरगं वाळलंय. तो ताण मग चमच्याच्या टोकातून मुलापर्यंत पोचतो. हे थांबवणं एकट्या आईच्या हातात नाही. वजनाचा तक्ता आजी-आजोबांनाही दाखवावा, त्यांच्या हाताने त्यावर टिंब मारून घ्यावं. बाबांनी रात्रीचं एक जेवण पूर्णपणे आपल्याकडे घ्यावं, भरवण्यापासून सांडलेलं पुसण्यापर्यंत. आणि ‘जेवला का?’ या प्रश्नाऐवजी ‘आज कुणाबरोबर जेवला?’ असं विचारायला सगळ्यांनीच सुरुवात करावी.

आपण चांगलं शिजवावं, वेळेवर वाढावं, समोर बसून जेवावं आणि मुलाने मान वळवली की ताट उचलावं, न रागावता, न विनवता. पुढच्या खाण्याची वेळ दोन-अडीच तासांवर असते. निरोगी मूल तेवढ्यात उपाशी मरत नाही, त्याला भूक लागते. आणि भूक लागल्यावर जेवणारं मूल घडवणं, एवढंच तर आपल्याला करायचं असतं.